काजव्यांचे फोटो: शटर किती ठेवावं?

निवांत_क्लिक
जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याकडे काजवे टिपायचे आहेत. निकॉन डी५६००, १८-५५ किट लेन्स (एएफ-पी, म्हणजे मोटरवर फोकस होणारी), ५० एमएम एफ/१.८ आणि ट्रायपॉड आहे. एफ/५.६, आयएसओ ८००, ३० सेकंद या सेटिंगवर काजवे फिके येतात, आकाश मात्र पांढुरकं. शटर अजून वाढवू का?

काळोखी_रात्र
नको. काजव्याची एक लुकलुक क्षणभराची. ती किती उजळ उमटेल हे ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. शटर लांबवलं की ठिपके वाढतात, पण प्रत्येक ठिपका तेवढाच फिका राहतो आणि आकाश तेवढं उजळत जातं. ५० एमएम लावा, एफ/२, आयएसओ १६००, १५ ते २० सेकंद. ठिपके हिरवट-पिवळे न राहता पांढरे पडू लागले की आयएसओ खाली आणा. रॉमध्येच (जेपीईजी न करता कच्च्या फाइलमध्ये) काढा.

कॅमेरा उभा धरून २० मीटरवरून साधारण ९ मीटर उंचीचं झाड बसतं. सादडा, हिरडा, बेहडा असं एकटं उभं झाड उजेडीच हेरून ठेवा.

ट्रायपॉडवाला
फोकसही उजेड असतानाच, खोडावर. मग लेन्सवरचं बटण एम (मॅन्युअल फोकस) वर टाकून रिंगला चिकटपट्टी. २० मीटरवर फोकस आणि एफ/२ असेल तर अंदाजे १५ ते २९ मीटरचा पट्टा स्पष्ट मिळतो. त्याच्या अलीकडे उडणारे काजवे गोल भोपळे होऊन येणार. किट लेन्स घरीच ठेवा. एएफ-पी मध्ये कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस हलू शकतो, आणि अंधारात ते कळतही नाही.

ट्रायपॉड न हलवता सूर्यास्तानंतर २०-२५ मिनिटांनी झाडाची एक बेस फ्रेम घ्या. पुढे अंधारात काजव्यांच्या २० सेकंदांच्या ४०-६० फ्रेम, नंतर एकावर एक रचायला. फोटोशॉपमध्ये बेस खाली, बाकीचे थर लायटन मोडवर. बेस दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) काळी करा. लायटन दोन्हींतला उजळ पिक्सेलच ठेवतो, त्यामुळे बेस उजळ असली की ती ठिपके गिळते.

निवांत_क्लिक
इंटरव्हल टायमर (ठरावीक वेळाने आपोआप फ्रेम घेणारा) २० सेकंदांवरच लावायचा ना?

ट्रायपॉडवाला
२२ वर. इंटरव्हल शटरपेक्षा मोठा हवा, नाहीतर मधल्या फ्रेम गळतात. ३० सेकंद निवडलेत तर प्रत्यक्षात ३२ च्या आसपास जातात, तिथे ३५ लावा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. बॅटरी दोन.

सह्यकडा
एक मतभेद. ६० फ्रेम रचल्या की झाडावर दिवाळीची रोषणाई दिसते आणि लोक तेच बघायला गाड्या घेऊन येतात. माझ्या मते ८-१० पुरे. जास्त रचल्यात तर किती ते फोटोखाली लिहा.

आणि उजेड. काजवे लुकलुकतात ते जोडीदार शोधायला. हेडलाइट, फ्लॅश, मोबाइलचा टॉर्च पडला की ते विझतात, तुमची फ्रेमही जाते. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळा आणि जमिनीकडेच धरा. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनची चमक सर्वांत कमी. झाडाखाली शिरू नका, गवतात माद्या असतात.

काळोखी_रात्र
हे पटलं. एक राहिलं: पावसाआधीच्या दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं आणि सगळे ठिपके धूसर होतात. दर १०-१५ मिनिटांनी काच बघा. पुसायला कोरडं मायक्रोफायबर, आणि हात अगदी हलका. ट्रायपॉड केसभर सरकला तरी बेस जुळत नाही.