‘पोटन्सी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): बाजाराच्या दिवशी गावात डॉक्टर येतात. आई गुडघ्यासाठी त्यांच्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या घेते. परवा ३० पोटन्सीऐवजी २०० दिलं, तर घरी येऊन म्हणते, “पॉवर वाढवून देल्ली डॉक्टरनं.” मी शाळेत विज्ञान शिकवते, होमिओपॅथीवरच्या संशोधनाचं टिपण मुलांसाठी लिहितेय. पोटन्सीला ‘सामर्थ्य’ चालेल का?

उत्तर: ताई, नको. औषध पातळ करत, घुसळत नेलं की त्याची शक्ती वाढते, हे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचं मत. ‘सामर्थ्य’ म्हटलं की जे तपासायचं तेच आपण आधी मान्य करून बसतो. ‘विरलन’ म्हणा, तो शब्द फक्त कृती सांगतो. एक भाग औषध, ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल. त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत. असं तीसदा केलं की ३०. एका मोलमध्ये (रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचं माप) रेणू सुमारे सहा गुणिले दहाचा २३वा घात एवढे, आणि बाराव्या पायरीलाच भागाकार दहाच्या २४व्या घातावर जातो. म्हणजे त्यापुढं मूळ औषधाचा एक रेणूही उरायची शक्यता फार कमी. कपाशी फवारणाऱ्याला विचारा. पंधरा लिटरच्या पंपात दवाई किती झाकणं, हे त्याच्या हाताला पाठ असतं. “पानी जास्त झालं त दवाई मरते,” म्हणेल. आईच्या ‘पॉवर’चा अर्थ त्याला बरोबर उलटा लागेल.

प्रश्नकर्ती: पटलं भाऊ. औषधाचा रेणू उरला नाही तरी पाणी ते लक्षात ठेवतं म्हणतात, त्या ‘वॉटर मेमरी’ला ‘पाण्याची आठवण’ लिहिलंय.

उत्तर: त्या षष्ठीत घोळ आहे. ‘पाण्याची आठवण’ म्हणजे चैत्रात कोरड्या विहिरीपाशी आपल्याला येते ती. ‘पाण्याची कथित स्मरणशक्ती’ लिहा, आणि ‘कथित’ गाळू नका. रेणू न उरेपर्यंत पातळ केलेल्या पदार्थाचाही रक्तपेशींवर परिणाम दिसतो, असा फ्रेंच शास्त्रज्ञ बेनव्हेनिस्त यांचा लेख १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. मग नेचरनंच पाठवलेले लोक त्यांच्या प्रयोगशाळेत गेले, कोणत्या नळीत काय हे झाकून प्रयोग करवले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. पाण्याच्या रेणूंची मांडणी तर सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात मोडते.

२०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांना धातूंपासून केलेल्या औषधांत २०० विरलनालाही त्या धातूचे अतिसूक्ष्म कण सापडले. तिथं क्रियापद ‘सापडले’ एवढंच ठेवा. कणांनी आजार बरा होतो, हे त्यातून निघत नाही.

दुसरं उत्तर (दारव्हा, जि. यवतमाळ): ‘गुण’ आणि ‘परिणाम’ही वेगळे ठेवा, ताई. ‘गुण आला’ म्हणजे गोळ्या घेतल्या आणि बरं वाटलं. गोळीनं, आरामानं की डॉक्टरांनी आस्थेनं विचारपूस केली म्हणून, हे त्या शब्दात येत नाही. आईचा अनुभव खराच आहे, तो खोडू नका. ‘परिणाम’ मात्र काही रोग्यांना औषध आणि काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या देऊन पाहिल्यावरच म्हणायचा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये असे अभ्यास तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही.

प्रश्नकर्ती: लिहून घेतलं. शेवटचं, ‘सकशन’ला (succussion, दर पायरीला औषधाची बाटली आपटणं) ‘हिसके देणे’ की ‘ठोके देणे’?

उत्तर: ‘ठोके’. हिसका बैलाच्या कासऱ्याला देतात. इथं बाटली टणक पण किंचित लवचीक वस्तूवर आपटायची असते. हानेमान यांनी उदाहरण दिलंय ते चामडी बांधणीच्या पुस्तकाचं.