‘षंढाचा बाप्तिस्मा’: चित्राच्या नावाचं मराठी

प्रश्न: डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६२६ च्या चित्रात बायबलमधला प्रसंग आहे: फिलिप एका राणीच्या षंढ अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देतो. त्याचं नाव इंग्रजीवरून ‘षंढाचा बाप्तिस्मा’ असं होतं. चित्रकोशाच्या नोंदीत ‘षंढ’ खटकतो, बोलण्यात तो शिवीसारखा येतो. ‘खोजा’ चालेल?

उत्तर: ‘खोजा’ अर्थाने सर्वांत जवळचा: जनानखान्यावर नेमलेला, खच्ची केलेला नोकर. पण खोजा हा मुस्लिम समाजही आहे. नुसत्या शीर्षकात वाचक तोच अर्थ घेईल. ‘हिजडा’ नकोच, ती वेगळी सामाजिक ओळख आहे. ‘कंचुकी’ही नको, संस्कृत नाटकातला कंचुकी म्हातारा ब्राह्मण असतो, खच्ची केलेला नसतो.

मुळात इंग्रजीवरून जाऊच नये. चित्र डच आहे आणि डचमध्ये त्याला ‘द डोप फान द कामरलिंग’ म्हणतात. कामरलिंग म्हणजे महालातला अधिकारी. षंढासाठीच्या ग्रीक ‘युनुखोस’ शब्दाचाही मूळ अर्थ ‘शय्येचा राखणदार’.

– मग ‘जामदार’? बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ८:२७ प्रमाणे हा माणूस कूश देशाच्या कांदके राणीच्या खजिन्यावरच होता.

– जामदार आता आडनाव वाटतं. ‘खजिनदार’ सरळ आहे. मात्र खच्चीकरण लपवलं तर प्रसंगाचा कणाच जातो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचं २३:१ अशा माणसाला देवाच्या मंडळीत येऊ देत नाही. पण यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५६ वा अध्याय त्याला देवाच्या घरात जागेचं वचन देतो. आणि हा रथात बसून यशयाच वाचत होता! म्हणून शीर्षक ‘कूशी खजिनदाराचा बाप्तिस्मा’ आणि नोंदीच्या पहिल्याच ओळीत ‘खच्ची केलेला राजसेवक’ असं स्पष्ट लिहावं. ‘हबशी’ टाळा: बायबलमधला कूश म्हणजे नाईलकाठचा, आजच्या सुदानातला प्रदेश, हबसाण (इथिओपिया) वेगळं.

– ‘बाप्तिस्मा’ की ‘स्नानसंस्कार’? वसईचे कॅथलिक दुसरा वापरतात.

– दोन्ही बरोबर. इथे चित्रकार प्रोटेस्टंट हॉलंडमधला, म्हणून ‘बाप्तिस्मा’. वर्णनात ‘निमज्जन’ मात्र लिहू नका. ‘बाप्तिस्मा’च्या ग्रीक धातूचा अर्थ बुडवणं, आणि कृत्ये ८:३८ मध्ये दोघे पाण्यात उतरतात, हे खरं; पण चित्रात खजिनदार काठावर गुडघे टेकून आहे आणि फिलिपचा हात त्याच्या डोक्यावर.

आणखी एक, हमखास होणारी चूक: हा प्रेषित फिलिप नव्हे. हा कृत्ये ६:५ मधल्या सात सेवकांपैकी, म्हणून ‘सुवार्तिक फिलिप’. बाकी तपशील: लाकडी फळीवर तैलरंग, ६३.५ × ४८ सें.मी., काथारैनेकॉन्व्हेंट संग्रहालय, उट्रेख्त.