दूर देशातील वादकासोबत रचना करताना आधी काय ठरवावे?

प्रश्न

मी व्हायोलिन वाजवतो. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या माझ्या एका छोट्या धुनेला दुसऱ्या देशातील एका गिटारवादकाने साथ जोडली आणि ती मला इतकी भावली की आता आम्ही मिळून एक पूर्ण रचना करायचे ठरवले आहे. आमची प्रत्यक्ष भेट झालेली नाही. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवून पाहिले, परंतु लय काही केल्या जमेना. कामाची पद्धत कशी असावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १

लय जमली नाही, यात तुम्हा दोघांचाही दोष नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या वादकाचा स्वरही आपल्याला जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण एवढा विलंब वादक सांभाळून घेतात, त्यापुढे मात्र प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि लय पडत जाते. व्हिडिओ कॉलचा विलंब याहून बराच जास्त असतो. जामुलस किंवा जॅकट्रिप ही इंटरनेटवरून एकत्र वाजवण्यासाठीची सॉफ्टवेअर वापरून तो कमी करता येतो, पण इंटरनेटच्या प्रकाशतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) संकेत जायलाच दर हजार किलोमीटरला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे फार लांबच्या अंतरावर एकाच वेळी वाजवण्याचा नाद सोडलेला बरा. अमेरिकन संगीतकार व संचालक एरिक व्हिटॅकर यांनी २०१० मध्ये १२ देशांतील १८५ गायकांचे आभासी समूहगान सादर केले, तेव्हाही प्रत्येकाने त्यांच्या संचालनाची चित्रफीत पाहत आपला भाग स्वतंत्रपणेच ध्वनिमुद्रित केला होता.

तुम्हीही एकच क्लिक ट्रॅक (लय दाखवणाऱ्या टिकटिकीचे ध्वनिमुद्रण) वापरा, तो हेडफोनमध्येच ऐका आणि सर्व फाइली अगदी एकाच क्षणापासून सुरू होतील अशा, वेव्ह (WAV) स्वरूपात पाठवा.

उत्तर २

वरील सूचना योग्यच आहेत, परंतु माझ्या मते असे सहकार्य बहुधा निराळ्याच कारणाने फिसकटते. आपण आपला ट्रॅक इतका भरगच्च करून पाठवतो की समोरच्याला वाजवायला जागाच उरत नाही, आणि मग तो नाइलाजाने साधी साथ करून मोकळा होतो. मुखड्यानंतर काही मात्रा मुद्दाम रिकाम्या ठेवा. तिथे तो काय करतो ते ऐकून मगच पुढचा भाग बांधा, कारण पुढची दिशा त्याच्या उत्तरातून सुचली तरच ती रचना दोघांची होते.

अभिप्राय देतानाही नुसते ‘छान’ लिहू नये. ‘१ मिनिट २० सेकंदांपाशी गिटारचे खालचे स्वर व्हायोलिनला झाकतात, ते एक सप्तक वर घेऊन पाहाल का?’ असे लिहिले, तर समोर बसून बोलल्यासारखे काम होते. (समोरच्याचे मौन म्हणजे संमती, असेही कृपया धरू नये.)

उत्तर ३

हक्कांचा विषय राहिला, तो आताच मिटवून घ्यावा. सोशल मीडियावर साथ जोडण्याची सोय असते, पण ती म्हणजे रचना इतरत्र प्रसिद्ध करण्याची परवानगी नव्हे. रचनेचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात, म्हणून दोन्हींतील वाटा, नावांचा क्रम आणि प्रसिद्धी कोणाच्या खात्यावरून होणार, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. मूळ फाइली दोघांकडेही असू द्याव्यात, म्हणजे एकाने मध्येच काम सोडले तरी दुसऱ्याला आपला भाग वेगळा काढून वापरता येईल.