गॅलॅक्टसची कथा अंकाच्या मध्येच का संपते?

प्रश्न: मार्व्हलच्या 'फँटास्टिक फोर' या सुपरहिरो कॉमिक्सच्या १९६६ मधील ४८ ते ५० या अंकांतील, ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची कथा पन्नासाव्या अंकाच्या मध्यावरच संपते आणि उरलेल्या पानांत चमूतील जॉनीचे महाविद्यालय वगैरे सुरू होते, ही रचनेतील ढिलाई मानावी का?

उत्तर १: माझ्या मते नाही. अठ्ठेचाळिसावा अंकही आधीच्या, इनह्यूमन्स या अतिमानवी जमातीच्या कथेच्या शेवटाने सुरू होतो आणि गॅलॅक्टस अवतरतो तो थेट अखेरीस. कथा आणि अंक यांच्या सीमा जुळत नसल्यामुळे वाचकाला निवांत थांबायला जागाच उरत नाही.

उत्तर २: सहमत आहे, मात्र संग्रहित पुस्तकात पुढचे पान लगेच उलटता येते, त्यामुळे महिनाभर जीव टांगणीला लावणारी ती अखेर तिथे निम्मी बोथट होते.

उत्तर ३: तरीही एवढ्या संकटानंतर महाविद्यालय मला खटकतेच.