शब्दचर्चा: ‘टीम लीडर’ला मुकादम म्हटलं तर चालेल का?

मूळ प्रश्न

आमच्या कारखान्यात ऑपरेटरचे सुपरवायझर झालेल्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. पुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाहेरून करून आलेल्या मसुद्यात ‘पीपल मॅनेजमेंट’चं ‘जन व्यवस्थापन’ झालं होतं. एकाने वाचून विचारलं, “मॅडम, हे कुंभमेळ्याच्या गर्दीचं का?” ‘नेतृत्वगुण विकास’ला कोणी हसलं नाही, पण पुढचं पानही कोणी उलटलं नाही. पंधरा जणांकडून काम करून घेणाऱ्याला सरळ मराठी शब्द कुठला? मला ‘मुकादम’ आवडतो. साहेबांनी नाक मुरडलं.

प्रतिसाद

नका घेऊ. मी बीडचा. आमच्याकडे मुकादम म्हटलं की आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम आठवते. टोळी ऊसतोडीला निघायच्या आतच त्याने पैसे वाटलेले असतात, कोयत्यामागे इतके असे. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला परत त्याच्याच दारात. पुस्तिकेत मुकादम लिहाल तर आमची पोरं विचारतील, उचल किती देता?

प्रतिसाद

बीडकरांचं खरं, पण शब्दाचा त्यात काय गुन्हा? मूळ अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ त्याच धातूचा, आणि कोर्टातला मुकदमाही त्याच घरातला. १७व्या शतकातल्या मराठी पत्रांत गावच्या पाटलालाच ‘मोकदम’ म्हटलेलं सापडतं. तिथून तो उतरत उतरत बांधकामावर आणि महापालिकेच्या सफाई खात्यात येऊन थांबला.

आता गंमत बघा. पुढारी म्हणजे पुढे असणारा, म्होरक्या म्हणजे म्होरं असणारा. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच आणि तिन्ही नासले. म्होरक्या आता फक्त चोरांच्या टोळीला उरलाय, तोही पोलिसांच्या बातमीत. ‘नेता’ म्हणजे नेणारा, नायक आणि नीती याच ‘नी’ धातूचे. पण ऑफिसात कोणी “मोठा नेता झालास” म्हणालं तर ते कौतुक नसतं.

प्रतिसाद

नायकवरून आठवलं. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. पुरुषांवर जॉबर, बायकांवर नायकीण. (गोव्यात हा शब्द जपून वापरा, तिथे त्याचा अर्थ पार वेगळा.) आजी म्हणायची, नायकिणीचं तोंड बघून दिवस कळायचा. भरती जॉबरच्या हातात, म्हणून त्याला दस्तुरी, म्हणजे वरकड पैसे द्यायचे. चाळीत खोली, वाण्याकडे उधारी, सगळ्याला शब्द त्याचाच. १९३१ साली कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनने अहवालात भरतीचे अधिकार त्याच्याकडून काढून घ्या असं सुचवलं, ते उगाच नाही. तरी आजी त्याला नुसतं वाईट म्हणत नसे. अडीनडीला दार ठोठवायचं ते त्याचंच.

प्रतिसाद

एक मुकादम मात्र अजून अब्रू राखून आहे, डबेवाल्यांचा. १८९०पासून चाललेलं काम. प्रत्येक गटाला मुकादम असतो, तो डबे वाहूनच वर आलेला. एखादा आला नाही की स्वतः त्याची लाइन धरतो. गिऱ्हाइकाची तक्रार, आपसातली भांडणं, सगळं त्याच्याकडेच. तिथे मुकादम म्हटल्यावर कोणी नाक मुरडत नाही, कारण टोपी सगळ्यांची सारखीच.

मूळ प्रश्नकर्ती

हे साहेबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “मग मलाही लाइनवर उतरवणार का?” मुकादम बारगळला.

प्रतिसाद

मॅडम, नामाचा नाद सोडा, क्रियापद धरा. मराठीत पुढाऱ्यांची नावं बिघडली, क्रियापदं धड आहेत. आपल्याकडे चांगल्या साहेबाबद्दल ‘उत्तम व्यवस्थापक आहे’ म्हणतात का? ‘माणसं सांभाळतो’ म्हणतात. मात्र छटा बघून घ्या. माणूस सांभाळणं वेगळं. सांभाळून घेणं म्हणजे चूक पोटात घालणं. आणि ‘साहेबांना सांभाळावं लागतं’ म्हणजे काय, ते सरकारी कचेरीत काम अडलेल्याला विचारा.

तसंच डेलिगेशनचं. ‘काम सोपवणं’ हा ‘समर्पण’मधून आलेला शब्द, सोपवलं की हातातून सोडायचं. आमच्या पहिल्या साहेबांनी मला डिस्पॅचचं रजिस्टर सोपवलं आणि रोज सहाला येऊन सगळी पानं स्वतः चाळली. आठवड्याने मी लिहायचंच बंद केलं. त्यांना तीन दिवस पत्ता लागला नाही, कारण ते फक्त सह्या बघत होते. आणि काम नुसतं दुसऱ्यावर लोटण्याला मराठीत वेगळे शब्द आहेत: काम ढकलणं, गळ्यात मारणं, अंगावर टाकणं. पुस्तिकेत ही सगळी एकाखाली एक छापा आणि प्रत्येकाला विचारा, काल तू यातलं काय केलंस?

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फक्त ‘माणसं हाताळणं’ लिहू नका. हाताळतात ती काचेची भांडी.

मूळ प्रश्नकर्ती

मथळा ठरला: ‘माणसं सांभाळताना’. सुपरवायझर सुपरवायझरच राहील. आता पान १२वर ‘फीडबॅक’ अडलाय. ‘समज देणे’ लिहिलं होतं, युनियनच्या प्रतिनिधीने लगेच विचारलं, “लेखी की तोंडी?” कानउघाडणी, तंबी, खरडपट्टी, हजेरी घेणं, झाडाझडती... बोलणी घालायला शब्दांची ददात नाही, पण ‘हे छान जमलं, हे असं कर’ एका शब्दात सांगणारा सापडेना.

प्रतिसाद (बीड)

आमच्याकडे त्याला ‘दोन शब्द सांगणे’ म्हणतात. एकाचे दोन झाले, चालेल का बघा.