शब्दचर्चा : ‘पीटलँड’ला दलदल म्हणावं का?

प्रश्न (धरमपेठ)
शाळेच्या पर्यावरण प्रदर्शनासाठी उष्ण कटिबंधातल्या जंगलांवर मराठी फलक लिहिते आहे. ‘पीटलँड’पाशी अडले. ‘दलदल’ लिहिलं तर मुलांना डासांचा चिखल दिसतो. ‘पाणथळ’ म्हटलं तर बोड्या, मालगुजारी तलाव सगळंच त्यात येतं. शिवाय पुढे ‘कालवे बंद करून जंगल वाचवणे’ असं वाक्य आहे, तेही खटकतं. सुचवा.

उमरेड रोड
ताई, पाणथळ जागा पुष्कळ प्रकारच्या असतात, पीट हा त्यातला एक. फरक जमिनीत आहे. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून पडलेली पानं, मुळं, खोडं पूर्ण कुजत नाहीत. असा अर्धवट कुजलेला थर हजारो वर्षं साचत जातो, तेच पीट. मी भूगोल शिकवताना ‘पीट’च म्हणत आलो. मुलांना समजावायला लांब जायलाही नको: उमरेड-कामठीचा दगडी कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं पीटच. (आपला भूभाग तेव्हा उष्ण कटिबंधात नव्हता, एवढं सांभाळा.) आज जगातल्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त या थरात आहे.

सक्करदरा
नुसतं ‘पीट’ नका लिहू जी. आमच्या नर्सरीत गिऱ्हाईक पीट म्हटलं की कोकोपीट मागतात. तो नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याचा या जमिनीशी संबंध नाही. पहिल्यांदा तरी ‘पीटचं दलदली जंगल’ असं पूर्ण लिहा.

प्रतापनगर
दलदल शब्द ठेवाच. जागा आहे ती दलदलच, नाव बदलून तिचा मान वाढत नाही. आपल्या पूर्व विदर्भात महसुली नोंदीत ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं, आणि वर्षानुवर्षं वाद चालला की झुडपी म्हणजे जंगल की नुसती झुडपं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या जमिनी वनच मानायच्या. शब्द तोच राहिला, अर्थ पक्का झाला. दलदलीचंही तसंच करू.

वर्धा रोड
मला ‘कालवा’ जास्त खटकतो. आपल्याकडे कालवा म्हणजे पेंचचं, गोसीखुर्दचं पाणी शेतात आणणारा. तो बंद झाला की धान वाळतं. इंडोनेशियातल्या मध्य कालिमांतानमध्ये नेमकं उलट झालं. १९९६ पासून तिथे १० लाख हेक्टर पीटची जमीन भातशेतीखाली आणण्यासाठी सरकारने ४,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खोदले. ते पाणी काढून नेणारे निघाले. भात काही पिकला नाही. जमीन सुकली, खचली आणि १९९७ मध्ये पेटली. पीटची आग जमिनीखाली धुमसत राहते, वरून पाणी मारून विझत नाही, जोराचा पाऊसच लागतो. म्हणून ‘पाणी काढून नेणारे कालवे’ असं लांबलचक लिहा, पण लिहा. ‘चर’ही नको. मी पाणलोटाची कामं केलीत. आपले सलग समतल चर पाणी अडवतात.

आणि ‘वृक्षारोपण’ हा शब्द फलकावर येऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती. पीट सुकवून लावलेला तेलताडाचा मळाही फोटोत हिरवागारच दिसतो. २०१६ मध्ये इंडोनेशियाने पीट सावरायला वेगळी संस्था काढली. तिला तीन कामं दिली: जमीन पुन्हा ओली करणं, तिथे झाडोरा आणणं, आणि तिथल्या लोकांच्या रोजीरोटीची सोय. पाणी वर आलं नाही तर बाकी सगळं वाया.

धरमपेठ
आभार. आता असं लिहिते: ‘पीटचं दलदली जंगल : अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या जाड, ओल्या थरावर उभं असलेलं जंगल. ते सावरण्यासाठी पाणी काढून नेणाऱ्या कालव्यांत बांध घालून जमीन आधी ओली करतात, मग तिथलीच झाडं लावतात.’

काँगो खोऱ्याचा फलक मात्र वेगळा ठेवते. तिथल्या सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर पीटचा नकाशा २०१७ मध्ये पुढे आला आणि त्यातलं बहुतेक अजून शाबूत आहे. तिथे ‘सावरणं’ नको, ‘राखण’ लिहिते.