मदत हवी आहे: अंदमानात नील आधी की हॅवलॉक?

डिसेंबरात आईबाबांसोबत जायचंय. हॅवलॉक आणि नील, दोन्ही बेटांवर दोन-दोन रात्री. क्रमावर गाडी अडली आहे.

नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे ओहोटी संध्याकाळी आली तर शेवाळलेल्या दगडांवरून अंधारात परतायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं, म्हणून नील त्या दिवसांत बसवलं. पण मग हॅवलॉक आणि तिथलं स्कूबा शेवटी जातं. एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानापूर्वी किमान 18 तास जायला हवेत. नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे कमी दाबात बुडबुडे होतात. शिवाय समुद्र खवळला की फेरीबोट रद्द होते, त्यामुळे शेवटची रात्र विमान सुटतं त्या पोर्ट ब्लेअरलाच ठेवली आहे. ही एक रात्र पुरेल का?

आईचे गुडघे दुखतात. पुलापर्यंतच्या खडकाळ वाटेवर तिला नेणं योग्य आहे का, की नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावरची काचतळाची बोट बरी? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. फेरीची तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.